जुन्या मोटारीची पारख

गुरुवारी अथवा पौर्णिमेस जो कोणी गाणगापुरास गेला असेल, त्यास तेथील मोटारींची दाटी ठाऊक आहे. भीमा-अमरजा संगमाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेस सोलापूर, पुणे, लातूर, बीदर, कलबुर्गी, विजयपूर अशा नाना ठिकाणांचे क्रमांक एका ओळीत उभे असतात. नवी गाडी घेतलेले कित्येक गृहस्थ ती प्रथम येथे आणतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, हार घालतात, आणि मगच गावाकडे वळवितात. परंतु हार घातलेली प्रत्येक गाडी नवी नसते. पुष्कळदा मालक तेवढा नवा असतो. गाडी जुनीच असते.

त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आमच्या सभासदांपैकी बहुतेकांचा व्यापार तूर, हरभरा, कापड, किराणा आणि भुसार यांचा. वर्षातून दोन हंगाम सोडले तर हातातील पैसा मालात गुंतलेला असतो. आणि नव्या मोटारीत घातलेला पैसा पहिल्या वर्षीच झपाट्याने घटतो, हे ज्यास व्याज मोजता येते त्यास निराळे सांगावयास नको. म्हणून चार-पाच वर्षे वापरलेली मोटार घेणे हा व्यवहारी माणसाचा मार्ग आहे. प्रश्न एवढाच, की ती घेताना आपण व्यापारी राहतो की नाही. तुरीचे पोते वखारीत आले म्हणजे आपण त्यात सळई खुपसून वरचा, मधला आणि तळाचा नमुना काढतो, दाणा दाताखाली धरतो, ओल पाहतो, मगच भाव बोलतो. आणि तोच मनुष्य काही लाखांची मोटार मात्र रंगाची चकाकी पाहून घेतो. आम्हीच घेतली, म्हणून हे लिहितो.

२०२१ सालच्या आरंभीची गोष्ट. दर्शन करून परतताना वाहनतळावर एका पांढऱ्या डिझेल गाडीच्या काचेवर ‘विकणे आहे’ अशी पाटी दिसली. क्रमांक महाराष्ट्राचा. दलाल गोड बोलणारा. गाडी ‘एका हातची’, ‘डॉक्टरांची’, ‘जेमतेम अडतीस हजार किलोमीटर चाललेली’. भाव बाजारापेक्षा साठ हजारांनी कमी. आमच्या मातोश्रींस महिन्यातून दोन वेळा सोलापुरास औषधोपचारासाठी न्यावे लागत असे, एस्टीचा प्रवास त्यांस झेपत नव्हता, आणि घरात गाडी असावी ही सर्वांचीच इच्छा. आम्ही तेथेच विसार दिला. तिसऱ्या दिवशी बाकीची रक्कम रोख चुकती केली.

पहिला पावसाळा लागताच गाडीने आपले पूर्वचरित्र सांगावयास आरंभ केला. आधी काचा वरखाली होईनाशा झाल्या. मग दिवे आपोआप लुकलुकू लागले. श्रावणातील एका रात्री, मातोश्रींस घेऊन परत येताना, अफजलपूरच्या अलीकडे भर पावसात सारे दिवे एकाएकी गेले आणि इंजिन बंद पडले. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने वेळीच ब्रेक लावला म्हणून आज हा लेख लिहिण्यास आम्ही आहो. मातोश्री दोन तास अंधारात, ओल्या पदराने, एक शब्द न बोलता मागे बसून होत्या. ते न बोलणे आम्हांस आजही ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीने पुढची फळी उघडली, तेव्हा तारांच्या जुडग्यामागे वाळलेल्या गाळाचा बोटभर थर निघाला. तो म्हणाला, “सावकार, ही गाडी पाण्यात उभी राहिलेली आहे. एक-दोन तास नव्हे, दोन-तीन दिवस.” घरी येऊन आम्ही गाडीबरोबर मिळालेली दुरुस्तीची पुस्तिका प्रथमच उघडून पाहिली. २०१९ च्या जुलैपर्यंत दर सहा महिन्यांनी कारखान्याचा शिक्का होता. त्यानंतर चौदा महिने पाने कोरी. कारखाना सांगली भागातील. आणि २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूर-सांगलीची काय दशा केली, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. शेवटच्या शिक्क्यापुढील किलोमीटरचा आकडा होता एकाहत्तर हजार. दलालाने दाखविलेल्या अडतीस हजारांचा उगम तेव्हा कळला. पुस्तिका पहिल्या दिवसापासून गाडीच्या कप्प्यातच होती. तिने काहीही लपविले नव्हते. आम्ही विचारले नव्हते.

महापुरातील गाड्या पुराच्या गावात विकल्या जात नाहीत, हे ध्यानात ठेवावे. त्या स्वच्छ धुतल्या जातात, गाद्या बदलल्या जातात, आणि जेथे पूर आला नव्हता तेथे जातात. आपल्याकडेही २०२० च्या ऑक्टोबरात भीमेला महापूर आला आणि अफजलपूर तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. तेव्हा दोष केवळ परक्या मुलुखास देऊन चालणार नाही.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. इंग्लंडात १९६० सालापासून मोटारींची सक्तीची तपासणी सुरू झाली. आज तेथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते, आणि गाडीचा क्रमांक घातला की २००५ पासूनच्या तपासण्यांचे निकाल, नापास झाल्याची कारणे आणि त्या दिवशीचा किलोमीटरचा, म्हणजे त्यांच्या मैलांचा, आकडा कोणासही घरबसल्या पाहता येतो. जपानात नव्या खाजगी मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. आपल्या देशात खाजगी मोटारीची नोंदणी एकदम पंधरा वर्षांची असते. त्या अवधीत धुराच्या दाखल्यापलीकडे सरकारी डोळा तिच्यावर पडत नाही. पंधरा वर्षांनंतर तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढविता येते, परंतु त्याचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीस ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील मोटारीस २०२५ मध्ये ते १०,००० केले गेले. चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून आनंदित होणाऱ्याने हा खर्च भावात धरावा.

मालवाहू गाडीची गोष्ट निराळी. पिवळ्या पाटीच्या गाडीस योग्यता प्रमाणपत्र लागते. आठ वर्षांपर्यंत ते दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी नवे करावे लागते. आमचे जे सभासद वखारीसाठी जुना टेम्पो घेतात त्यांनी हे प्रमाणपत्र कधी खंडित झाले होते काय हे अवश्य पाहावे. मध्ये आठ-दहा महिन्यांची पोकळी असेल तर गाडी त्या काळात कोठे, कशी उभी होती हे विकणाऱ्यास विचारण्याचा आपणास हक्क आहे.

खाजगी मोटारीस असा तपासणीचा इतिहास नसल्याने तो आपणच जुळवावा लागतो. आमच्या चुकीनंतर, २०२३ च्या हिवाळ्यात, दुसरी गाडी घेण्याचा प्रसंग आला. या वेळी ती सोलापूरच्या एका निवृत्त शिक्षकांची होती, क्रमांक एमएच-१३ चा. ते सहकुटुंब गाणगापुरास मुक्कामास आले होते आणि गाडी पाहण्यास त्यांनी आम्हांस तेथेच बोलाविले. आम्ही मेस्त्रीस बरोबर नेले. पण त्याआधी आदल्या रात्री घरी बसून कागद पाहिले, कारण कागदात खोट निघाली तर काया पाहण्याचे श्रम वाचतात.

केंद्र सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर, अथवा मोबाइलवरील ‘एमपरिवहन’मध्ये, गाडीचा क्रमांक घातला म्हणजे नोंदणीची तारीख, मालक कितवा, विमा व धुराचा दाखला केव्हापर्यंत, कर्जाचा बोजा आहे काय आणि गाडी काळ्या यादीत आहे काय, इतके कळते. मालकाचे नाव पूर्ण दिसत नाही; ते नोंदणी पुस्तकावरून ताडून पाहावे. ‘एका हातची’ म्हणून सांगितलेली आमची पहिली गाडी तेथे तिसऱ्या मालकाची म्हणून उभी होती. पाहण्यास दोन मिनिटे लागली असती. दंडाची थकबाकी ई-चलानच्या संकेतस्थळावर निराळी पाहावी.

बोजाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण याच खड्ड्यात आमचे अकरा महिने गेले. नोंदणी पुस्तकावर बँकेचे नाव असेल तर तिच्या संमतीवाचून मालकी बदलत नाही. विकणारा सांगतो, ‘कर्ज केव्हाच फिटले’. ते खरेही असू शकते. परंतु फिटलेले कर्ज आणि उतरलेला बोजा या दोन भिन्न गोष्टी आहेत. बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ परिवहन कार्यालयात दाखल झाल्यावरच ते नाव पुसले जाते. आमच्या बाबतीत कर्ज फिटले होते, पत्राची मुदत उलटली होती, पहिला मालक परगावी निघून गेला होता, आणि दलालाचा दूरध्वनी लागत नव्हता. रोख दिलेल्या रकमेची पावती आम्ही घेतली नव्हती, हे लिहिताना लाज वाटते. चोपडीत चार आण्यांचा फरक आला तर दिवा लावून बसणारी आमची पिढी!

सीमेवरील आपणांस आणखी एक हिशेब करावा लागतो. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, गुलबर्गा-बीदर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. सोयरीक, बाजार आणि वाणी मात्र पूर्ववत दोन्हीकडे राहिली. मोटार तशी राहत नाही. महाराष्ट्रातील गाडी कर्नाटकात बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचा नमुना २८ मधील ना-हरकत दाखला हवा, आणि येथे गाडीच्या वयानुसार आजीवन कर भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो आधी भरून मग मागावयाचा असतो. तेव्हा सोलापुरात गाडी चाळीस हजारांनी स्वस्त मिळाली असे म्हणणाऱ्याने केए-३२ ची पाटी लागेपर्यंतचा खर्च मांडून मगच स्वस्त म्हणावे. चोरीची गाडी नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सोयीवरूनही पडताळता येते.

विम्याच्या कागदात एक खूण दडलेली असते. ती फार थोडे लोक पाहतात. ज्या वर्षी मालकाने नुकसानीचा दावा केला नाही त्याच्या पुढील वर्षी हप्त्यात सूट मिळते. ती पहिल्या वर्षानंतर वीस टक्के आणि चढत चढत पाच वर्षांनंतर पन्नास टक्के होते. दावा केला की ती शून्यावर येते. शिक्षकांच्या कागदावर पन्नास टक्के होते. म्हणजे पाच वर्षांत या गाडीपायी विमा कंपनीकडे कोणी गेले नव्हते. लहान ठोकर लागून मालकाने पदरचे पैसे खर्चिले असतील, पण मोठा अपघात झाला नसावा, इतके त्यावरून अनुमान निघते. ही सूट मालकाची असते, गाडीची नव्हे; ती आपल्याकडे येत नाही.

सकाळी सात वाजता आम्ही धर्मशाळेपाशी पोहोचलो. वेळ मुद्दाम तशी घेतली होती. मेस्त्रीने प्रथम बॉनेटवर हात ठेवला. “गार आहे,” तो म्हणाला, “म्हणजे आपल्यासाठी आधीच तापवून ठेवलेली नाही.” थंड इंजिन सुरू करतानाच त्याचे दोष बोलतात. निळसर धूर म्हणजे तेल जळते, काळा म्हणजे इंधन जास्त जाते. पांढरा धूर थंडीत क्षणभर दिसतो व जातो, परंतु तो राहिला तर पाणी आत शिरते असे समजावे. तेलाच्या झाकणाखाली दुधासारखा साका दिसला तर तेथूनच परतावे. शिक्षकांच्या गाडीस यांपैकी काही नव्हते. मात्र सुरू होताना ती दोनदा खोकली. त्यांनी विचारण्यापूर्वीच सांगितले, “बॅटरी शेवटच्या घटका मोजते आहे, तेवढे धरून बोला.”

नंतर मेस्त्रीने आम्हांस शिकविले ते येथे क्रमाने लिहीत नाही. जसे आठवते तसे लिहितो. पुढच्या आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. गाडी धुणारे गादी धुतात, पट्टा वर दिसतो तेवढाच धुतात. आत गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ राहते. आमच्या पहिल्या गाडीच्या पट्ट्यावर ती रेघ होती, ती आम्ही दीड वर्ष खांद्यावर घेऊन फिरलो. स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात गाळ व गंज पाहावा. चटई वर करून वास घ्यावा. सुगंधी द्रव्याचा भपकारा येत असेल तर तो कशावर पांघरूण घालीत आहे ते शोधावे. रंग सकाळच्या उन्हात तिरप्या नजरेने पाहावा; दाराचा रंग आणि पाख्याचा रंग यांत छटेचा फरक असेल तर तेवढा भाग पुन्हा रंगविलेला आहे. बॉनेटच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे असतील तर ते उघडले गेले आहेत. दारे उघडून खांबांवरील जोड पाहावे. कारखान्यातील जोड एकसारख्या अंतरावर असतात, गॅरेजमधील तसे नसतात.

टायरच्या कडेस चार अंक असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१७ ची, आकडा वीस हजारांचा, आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले, असे दिसले तर तो आकडा विसरावा. आकडा मागे फिरविणे सोपे झाले आहे. झिजलेले ब्रेकचे रबर आणि गुळगुळीत झालेले सुकाणू मागे फिरविता येत नाही. किल्ली फिरविताच हवेच्या पिशवीचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर पिशवी ठीक आहे असे नव्हे. दिवा काढलेला असण्याचा संभव अधिक.

चासी क्रमांक मेस्त्रीने चुना लावून वाचला आणि पुस्तकातील सतरा अक्षरांशी एकेक अक्षर ताडला. इंजिनाचाही तसाच. मग गाडी संगमाच्या रस्त्यावर नेली, खड्ड्यातून नेली, हात सोडून सरळ जाते काय पाहिले, उतारावर ब्रेक पाहिले. डाव्या पुढच्या चाकातून ठोकल्यासारखा आवाज आला. शिक्षक म्हणाले, “तो आवाज आहे. मागच्या महिन्यात साडेसहा हजार सांगितले होते. मी केले नाही.” त्यांनी सात वर्षांच्या दुरुस्तीच्या पावत्या एका दोऱ्यात ओवून आणल्या होत्या. प्रत्येकीवर तारीख, आकडा. कोठेही खळ नाही. आमच्या मनात आले, इंग्लंडचे सरकार जे करते ते या एका मास्तरांनी स्वतः केले आहे. बॅटरी व चाक यांचे पैसे वजा करून व्यवहार ठरला. रक्कम धनादेशाने दिली. सुपूर्त करण्याच्या कागदावर तारीखच नव्हे, वेळही घातली.

वेळ का घातली, ते विकणाऱ्या सभासदांनीही समजून घ्यावे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असा निर्णय दिला, की नोंदणी ज्याच्या नावे आहे तोच कायद्याने मालक. गाडी पुढे कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याचे. म्हणून कोऱ्या नमुना २९ व ३० वर सह्या करून दलालाच्या हाती देण्याची जी चाल आपल्यात आहे ती फार घातक आहे. मालकी बदल विकणाऱ्याने त्याच राज्यातील गाडी असल्यास चौदा दिवसांत कळवावा, घेणाऱ्याने तीस दिवसांत. विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज घेणाऱ्याने चौदा दिवसांत द्यावयाचा. तिऱ्हाइताची भरपाई आपोआप पुढे चालते, पण स्वतःच्या गाडीचे नुकसान तसे चालत नाही. २०२३ च्या एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांस परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते. ते दाखविण्यास सांगावे. आणि पेढीच्या नावावरील मोटार विकणाऱ्यांनी आपल्या हिशेबनिसास विचारावे, कारण घसारा घेतलेल्या गाडीच्या विक्रीवर, घसारा वजा जाऊन उरलेल्या किमतीहून अधिक आलेल्या रकमेवर, २०२५ च्या जानेवारीपासून अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे. अधिक काही आले नाही तर कर नाही.

आता राहिली ती पहिली पांढरी गाडी. दुरुस्तीवर बराच खर्च करून ती चालती केली होती, कागद अखेर आमच्या नावे झाले होते, आणि दुसरी गाडी आल्यावर ती विकणे प्राप्त होते. गिऱ्हाईक आले, संगमाजवळ पूजासाहित्याचे दुकान असलेला तरुण. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि रंगाची स्तुती केली. पट्टा ओढला नाही, पुस्तिका मागितली नाही. घरात दोन मते झाली. एकाचे म्हणणे, त्याने विचारले तर सांगू. आपणांस कोणी सांगितले होते? अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे आणि प्रतिरूपक व्यवहार यांची नावे आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. किलोमीटरचे खोटे माप आम्हांकडे आयतेच आले होते, आणि बुडालेली गाडी कोरडी म्हणून देणे यास दुसरे काय म्हणावयाचे? तरी ही चर्चा दोन दिवस चालली, हे लपविण्यात अर्थ नाही. शेवटी मातोश्री म्हणाल्या, “त्याच्याही घरात कोणी म्हातारी असेल.”

तिसऱ्या दिवशी आम्ही त्यास पुस्तिका दाखविली, कोरी पाने दाखविली, पट्ट्यावरील रेघ दाखविली. तो काही वेळ गप्प राहिला. मग त्याने ठरलेल्या भावातून पंचेचाळीस हजार कमी केले आणि अट घातली, की हे सर्व विक्रीच्या कागदावर लिहून द्यावे. आम्ही स्वहस्ते लिहिले : गाडी २०१९ च्या महापुरात बुडालेली आहे, दर्शक आकडा खरा नाही, तारांचे काम बदललेले आहे. त्याने ते दोनदा वाचले, आपल्या मेस्त्रीस दूरध्वनीवर वाचून दाखविले, आणि सही केली. नमुना २९ ची पोच आमच्या चोपडीत त्या पानाशी लावून ठेवली आहे. गाडी तो अजून चालवितो. पावसात मात्र बाहेर काढीत नाही.